रुळाच्या एका बाजूला पेनिसिलीन, दुसऱ्या बाजूला कॅम्प

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगणारे दोन प्रकारचे असतात. श्रद्धाळू माणूस मोरया गोसावींच्या समाधीपासून सुरुवात करतो, चापेकर बंधूंच्या वाड्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. उद्योगाचा अभिमान असलेला माणूस थेट टेल्को आणि बजाजपासून सुरुवात करतो. त्याच्या लेखी १९६० पूर्वी इथे नुसतं माळरान होतं. पहिला चिंचवडचा इतिहास सांगतो, दुसरा एमआयडीसीचा. जोडनावात पहिली असलेली पिंपरी दोघांच्याही हातून निसटते.

पिंपरीचं खरं वळण या दोहोंच्या मधल्या काळात आहे, १९४८ ते १९५५ या सात-आठ वर्षांत. एवढ्या अवधीत सरकारने इथे दोन गोष्टी आणून ठेवल्या. एक निर्वासितांची छावणी, दुसरा औषधांचा कारखाना. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. गावाला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण आजच्या पिंपरीची गर्दी, पिंपरीचा पैसा आणि पिंपरीचा स्वभाव याच दोन निर्णयांतून आला, असं माझं मत आहे.

हे समजायला नकाशा लागत नाही, पाय लागतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या चौकात उभं राहायचं. डोक्यावर मेट्रोचा मार्ग. या रस्त्याला लागून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'एचए'. पश्चिमेला वळून इंदिरा गांधी उड्डाणपुलावरून रेल्वेचे रूळ ओलांडले की आपण कॅम्पात उतरतो: शगुन चौक, साई चौक, कपडे, भांडी, चपला, मोबाईल, लग्नाचे बस्ते. बाजार पार करून तसंच पुढे गेलं की रस्ते अरुंद होतात, वळणं घेतात, आणि पिंपरी वाघेरे हे मूळ गाव लागतं. त्यापुढे पवना. जेमतेम दोन-अडीच किलोमीटरांत शेती, फाळणी, नेहरूंचा नियोजनाचा काळ आणि मेट्रो असे चार काळ रांगेने भेटतात. फक्त ते कालक्रमाने उभे नाहीत. मेट्रो आधी लागते आणि गाव शेवटी.

गाव जुनं आहे. वाघेऱ्यांचं गाव म्हणून पिंपरी वाघेरे. ग्रामदैवत काळभैरवनाथ, नदीकाठची मळई आणि वरच्या अंगाला कोरडवाहू जमीन. गावाच्या अंगावरून पहिली नवी गोष्ट गेली ती रेल्वे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. त्या काळी घाटातला मार्ग तयार नव्हता. प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीत किंवा डोलीत बसून घाट उतरत आणि खाली पुन्हा गाडी धरत. पण रेल्वे आली म्हणून पिंपरी बदलली नाही. गाड्या जात राहिल्या, गाव शेती करत राहिलं. या पट्ट्यात खडकी, देहूरोड असा लष्कराचा वावर मात्र वाढत गेला आणि दुसऱ्या महायुद्धात तर ठिकठिकाणी छावण्या पडल्या. युद्ध संपलं आणि लांबलचक बराकी रिकाम्या झाल्या. त्या रिकाम्या बराकींनीच पिंपरीचं भवितव्य ठरवलं.

फाळणी झाली तेव्हा सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती. बरेच सिंधी हिंदू ऑगस्ट १९४७ नंतरही घरातच होते. वादळ निवळेल अशी आशा होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल पेटली आणि ती आशा संपली. त्यानंतर कराचीहून मुंबईकडे बोटी भरभरून येऊ लागल्या. मुंबई प्रांताच्या सरकारपुढे प्रश्न होता, इतक्या माणसांना ठेवायचं कुठे? मुंबई आधीच तुडुंब. मग लष्कराच्या रिकाम्या छावण्या शोधल्या गेल्या. कल्याणजवळच्या पाच छावण्यांचं पुढे १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. ते मोठं, म्हणून सर्वांना ठाऊक. पिंपरीची छावणी त्या मानाने लहान, आणि तिला वेगळं नावही मिळालं नाही. सरकारी कागदावर ती 'पिंपरी कॉलनी' झाली आणि लोकांच्या तोंडी नुसती 'कॅम्प'. पुण्याचा कॅम्प वेगळा. तिथे गोऱ्या साहेबांचा थाट होता. पिंपरीच्या कॅम्पात आलेल्यांकडे ट्रंका होत्या, आणि कराचीत, सिंधमधल्या हैदराबादेत, शिकारपुरात मागे राहिलेल्या दुकानांच्या आणि हवेल्यांच्या आठवणी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पंजाब तुटला तरी अर्धा पंजाब भारतात राहिला, बंगालचंही तसंच. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंधी माणसाला परतायला गाव नव्हतंच, पण ज्याच्याकडे हक्काने मागावं असं स्वतःचं राज्यही नव्हतं. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायलाही १९६७ साल उजाडावं लागलं. असा माणूस दोनच गोष्टींवर विसंबतो, धंदा आणि बिरादरी. पिंपरी कॅम्पाची घडण या दोन शब्दांत सांगता येते.

बराकी म्हणजे लांब सरळ रांगा. त्यांचे विभाग पाडून कुटुंबांना खोल्या दिल्या गेल्या. आजही कॅम्पातल्या जुन्या पत्त्यांत गल्लीचं किंवा आळीचं नाव नसतं. 'बी ब्लॉक' आणि पुढे दोन आकडे, एक बराकीचा, एक खोलीचा. कारकुनाच्या वहीतली नोंद घराचा पत्ता होऊन बसली. १९५४ च्या कायद्याने विस्थापितांना नुकसानभरपाई आणि मालकी देण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर खोल्यांना मजले चढले, पुढच्या बाजूला शटर आलं, मागे संसार. कॅम्पाची बांधणी अजूनही नीट पाहिली तर वरच्या काचा, फ्लेक्स आणि एलईडीच्या पाट्यांखाली ती सरळ लष्करी रांग ओळखू येते. गावातले रस्ते बैलगाडीने आखले आणि कॅम्पातले फूटपट्टीने, हा फरक पायाला लगेच जाणवतो.

धंद्याची सुरुवात फेरीपासून झाली. सिंधी निर्वासितांनी महाराष्ट्रभर जी पद्धत वापरली तीच इथेही: नफा थोडा, खप जास्त, भांडवल फिरतं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या दुकानदारीला हे नवीन होतं. तिथे दुकानदाराची वेळ आणि मर्जी सांभाळावी लागे, कॅम्पात गिऱ्हाइकाची. यावर विनोद पुष्कळ झाले. पण पगारदार मराठी घरांतला बस्ता हळूहळू पेठेकडून पिंपरीकडे सरकू लागला, तो या फरकापायीच.

सिंधी उद्योगाचं म्हणून पिंपरीत जे सर्वांत मोठं नाव झालं ते मात्र छावणीतून आलं नाही. प्रल्हाद छाब्रिया फाळणीच्या आधीच, १९४५ मध्ये, कराचीहून पुण्यात आले. वय पंधराच्या आसपास, वडील गेलेले, शिक्षण अर्धवट. घरकाम आणि दुकानातली पडेल ती कामं करत ते विजेच्या सामानाच्या धंद्यात शिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी 'फिनोलेक्स' काढली. फाइन आणि फ्लेक्सिबल या दोन शब्दांचं हे कडबोळं. केबलचा कारखाना पिंपरीत उभा राहिला आणि मोरवाडीतल्या चौकाला लोक आजही फिनोलेक्स चौक म्हणतात. निर्वासित आणि उद्योजक अशा दोन खणांत पिंपरीची माणसं वाटून टाकता येत नाहीत, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता रूळ ओलांडून परत या बाजूला येऊ.

छावणी वसत होती त्याच सुमारास दिल्लीत पेनिसिलीनची चर्चा चालू होती. युद्धात या औषधाने जखमी सैनिकांचे प्राण वाचवले होते. भारतात ते आयात होत असे आणि महाग पडे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख राहिलेले साहिबसिंग सोखी हे औषध देशातच, तेही सरकारी कारखान्यात तयार व्हावं म्हणून आग्रही होते. शेवटी भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यात सहकार्य ठरलं. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ. जागा ठरली पिंपरी. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागलं. औषधनिर्मितीतली ही देशातली पहिली सरकारी कंपनी.

पेनिसिलीन कसं तयार होतं हे थोडं पाहायला हवं, कारण ते कळल्याशिवाय या कारखान्याचं वेगळेपण कळत नाही. भाकरीवर धरते तिच्याच जातकुळीतली ही एक बुरशी. तिला प्रचंड टाक्यांत साखर आणि मक्याचा अर्क खाऊ घालायचा, सतत ढवळायचं आणि अखंड हवा सोडायची. पण ती हवा इतकी निर्जंतुक असली पाहिजे की बाहेरचा एकही जंतू आत शिरता कामा नये. शिरला तर अख्खी टाकी वाया. काही दिवसांनी बुरशी गाळून टाकायची, उरलेल्या द्रवातून थंड तापमानात झटपट औषध वेगळं काढायचं, त्याचे स्फटिक करायचे आणि पांढरी पूड बाटलीत भरायची. हे हातोड्या-लोखंडाचं काम नव्हतं. डोळ्यांत तेल घालून पाहत बसण्याचं होतं. टाकीला रविवार नसतो. म्हणजे ज्या गावात काम म्हणजे पेरणी आणि काढणी होतं, तिथे रात्रपाळीत बुरशीची निगराणी करणारी माणसं आली: रसायनशास्त्राचे पदवीधर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, फिटर, बॉयलर अटेंडंट. देशाच्या सगळ्या भागांतून आली. त्यांच्यासाठी वसाहत झाली, शाळा झाली, मैदान झालं, झाडं लागली. पुढे या भागात ज्या अनेक कंपन्यांच्या कॉलन्या झाल्या, त्यांना नमुना एचएचाच.

संशोधनही झालं, आणि ते नावापुरतं नव्हतं. कंपनीची 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' ही शास्त्रीय पत्रिका पिंपरीतून निघत असे. म. ज. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ इथल्या संशोधनाचे प्रमुख. त्यांच्या चमूने मातीतल्या सूक्ष्मजीवांतून बुरशीनाशक औषध शोधलं आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला 'हॅमायसिन' म्हटलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं तो पिंपरीच्या मातीतला. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. कुस्त्या, बैल आणि गूळ-खोबऱ्याचा प्रसाद यांच्या पलीकडे गावाचं नाव जीवशास्त्राच्या ग्रंथांत गेलं, याचा अभिमान पिंपरीने मिरवल्याचं मात्र कुठे दिसत नाही. मोटारींचा मिरवला. मोटार रस्त्यावर दिसते. जंतू दिसत नाही.

टपाल खात्याने मात्र नोंद ठेवली. रुळाच्या कॅम्पाकडच्या बाजूचं टपाल कार्यालय पिंपरी कॉलनी, ४११०१७. कारखान्याच्या बाजूचं पिंपरी पी. एफ., ४११०१८. हे पी. एफ. म्हणजे प्रॉव्हिडंट फंड नव्हे, पेनिसिलीन फॅक्टरी.

मग आली एमआयडीसी. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये. मुंबईत नवे कारखाने वाढू द्यायचे नाहीत, त्यांना बाहेर न्यायचं, हे धोरण. पिंपरी-चिंचवडला रेल्वे होती, मुंबईचा रस्ता होता, पवनेचं पाणी होतं, सपाट जमीन होती आणि पुण्याची अभियांत्रिकी महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर होती. पुढची यादी सगळ्यांना पाठ आहे: बजाज ऑटो आकुर्डीत, टेल्को पिंपरीत, केएसबी पंप, एसकेएफ, थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल, सँडविक. यादीत मी फार रमत नाही. ती प्रत्येक स्मरणिकेत सापडते. सुमंत मुळगावकरांबद्दल मात्र थांबावंसं वाटतं. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभारताना त्यांनी उजाड माळावर आधी झाडं लावली, तळं केलं आणि कामगार घडवणारी प्रशिक्षणशाळा सुरू केली, ट्रक त्यानंतर. याच टेल्कोत १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, अभियंता म्हणून आल्या. स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी अट जाहिरातीत पाहून त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं होतं, ही हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे.

कामगार आले कुठून? सुरुवातीला मावळ, मुळशी, खेडमधून, मग सातारा-सांगलीकडून, सोलापुरातून. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचा लोंढा आणला. बीड, उस्मानाबाद, लातूरचा मुलगा आयटीआय करून एसटीने यायचा आणि आधी आलेल्या मामाच्या किंवा चुलत्याच्या खोलीत पथारी टाकायचा. ती खोली गावकऱ्याच्या चाळीतली असे. जमिनी संपादनात गेलेल्या शेतकऱ्याने उरलेल्या गुंठ्यांत दहा बाय दहाच्या खोल्या काढून भाडं सुरू केलं होतं. आणि हा मुलगा पहिल्या पगारातून आईला लुगडं, बहिणीला ड्रेसचं कापड आणि स्वतःला मनगटी घड्याळ घ्यायला जायचा तो पूल ओलांडून कॅम्पात.

पिंपरीची खरी गाठ इथे बसली. निर्वासिताला गिऱ्हाईक हवं होतं आणि कामगाराला दुकान. दोघेही उपरे. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर शिरताना दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं होई. कॅम्पात कुणाला कुणापुढे बुजायचं कारण नव्हतं. सिंधी दुकानदार साताऱ्याच्या मराठीत 'या मामा, बसा' म्हणायला शिकला. त्याच्या नातवाची मराठी तर आता इतकी सफाईदार आहे की भाव करताना ओळखू येत नाही. कामगारही कॅम्पात काय काय खायला शिकला. दाल-पकवानची प्लेट घ्या: कडक तळलेली, हातात घेतली की तुकडे उडणारी मैद्याची मोठी पुरी, वर घट्ट शिजवलेली चण्याची डाळ, त्यावर चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा. रात्रपाळी सुटलेल्या माणसाला एवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

बाजाराचं पंचांग कारखान्याने ठरवलं. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. वीजपुरवठ्याच्या नियोजनातून आलेली ही प्रथा लहान वर्कशॉपांत अजून चालते. बाकी जगाचा रविवार, इथल्या निम्म्या माणसांचा गुरुवार. महिन्यात पगाराची तारीख महत्त्वाची आणि वर्षात बोनसची. मोठ्या कंपन्यांत बोनसचा करार किती रुपयांवर झाला ही बातमी दिवाळीआधी पुण्याच्या वर्तमानपत्रांत पहिल्या-दुसऱ्या पानावर येते. ती जितक्या बारकाईने कामगाराच्या घरात वाचली जाते तितक्याच बारकाईने कॅम्पातल्या गादीवर. माल किती भरायचा, हा हिशोब त्यावर ठरतो.

नगर म्हणून या सगळ्याला नाव मिळायला १९७० साल उजाडलं. पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले अध्यक्ष. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पालिकेची तिजोरी भरली ती जकातीने. कारखान्यात येणारा पत्रा, पोलाद, रबर, सुटे भाग, सगळ्यावर नाक्यावर कर. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका असं बिरुद लोकांनी लावलं आणि पालिकेने ते काढायची घाई केली नाही. २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते व्यापारी. जकात ट्रकवाल्याकडून नाक्यावर वसूल व्हायची. नवा कर दुकानदाराला आपल्या वहीतून भरावा लागणार होता. दोन वर्षांत तो बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि २०१७ मध्ये जीएसटीने विषयच संपवला.

या श्रीमंतीची दुसरी बाजू जमीनवाल्यांना विचारावी. प्राधिकरणाने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना साडेबारा टक्के परतावा मिळावा, ही मागणी दशकानुदशकं चालली. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं तरी मागणी संपली नाही. पैसा मिळालेल्यांना 'गुंठामंत्री' म्हणून हिणवणं सोपं आहे. पण ज्याच्या आजोबाने पेनिसिलीनसाठी, बापाने प्राधिकरणासाठी जमीन दिली, त्याच्याकडे विकायला उरलेला गुंठा ही शेवटची चीज असते, हे हिणवणारे विसरतात. आणि पाणी? पवना धरणातून शहरात बंद जलवाहिनीने पाणी आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मारले गेले. योजना तिथे अडकली. नळ सोडताना हे कुणाला आठवत नाही, पण पिंपरीच्या इतिहासातून ते वगळताही येत नाही.

कामगारांच्या बाजूचा मोठा प्रसंग १९८९ चा. टेल्कोत राजन नायर यांचं नेतृत्व उभं राहिलं. ते व्यवस्थापनाशी भिडले. व्यवस्थापनाने त्यांच्या विरोधातल्या संघटनेशी वेतनकरार केला. सप्टेंबरमध्ये नायर यांचे हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. नऊ-दहा दिवसांनी, २८ सप्टेंबरच्या रात्री, पोलिसांनी त्यांना गाड्यांत घालून हलवलं आणि संप मोडला. कंपनीत रतन टाटांची मांड यानंतर पक्की झाली, असं उद्योगजगत म्हणतं. कामगार चळवळीच्या अंगाने पाहिलं तर इथला उतार तेव्हापासून सुरू झाला. त्यानंतर कंत्राटी कामगारांचं प्रमाण वाढत गेलं, आणि कंत्राटी माणसाला दुकानदार उधारी देताना दोनदा विचार करतो.

नव्वदनंतरचं चित्र भराभर पालटलं. १९९५ मध्ये टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझ जुळू लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रं उचलून आणून पिंपरीत इंडिका बांधली गेली. ती १९९८ च्या डिसेंबरात लोकांपुढे आली. पण त्याच सुमारास चाकण सुरू झालं होतं. बजाजने १९९९ मध्ये तिथे कारखाना काढला, मर्सिडीज २००९ मध्ये गेली. पिंपरीतली जमीन आता इतकी महाग झाली की तिच्यावर वस्तू बनवण्यापेक्षा फ्लॅट बनवणं परवडू लागलं. चिंचवडला एल्प्रोच्या कारखान्याच्या जागी मॉल उभा राहिला. आकुर्डीत मात्र उलटं घडलं: ज्या आवारातून कधीकाळी दहा-दहा वर्षांची प्रतीक्षायादी असलेली चेतक बाहेर पडायची, तिथेच २०२२ मध्ये बजाजने विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला.

एचएचं दुखणं सर्वांत लांबलं. खुल्या आयातीत चीनमधलं पेनिसिलीन इतकं स्वस्त झालं की देशातल्या टाक्या एकेक करून थंडावल्या. कंपनी नव्वदच्या दशकात आजारी घोषित झाली. पगार रखडण्याचं पर्व अनेकदा आलं. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवायला मान्यता दिली. म्हणजे पिंपरीच्या मातीतून औषध शोधणाऱ्या कंपनीपाशी शेवटी विकण्याजोगी उरली ती मातीच. त्याच वर्षी जानेवारीत एचएच्या मैदानावर ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. मांडव मोठा होता, गर्दीही. आणि दरवर्षी आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते तेव्हा तिचा विसावा एचए कॉलनीतच असतो. पावसाने न्हालेली जुनी झाडं, क्वार्टरांच्या ओळी, चहा-नाश्त्याच्या पराती घेऊन उभी असलेली माणसं. यातली कित्येक आता इथे राहतही नाहीत. निवृत्त होऊन कुठे कुठे फ्लॅटमध्ये गेलेली. त्या दिवशी ती परत येतात.

पलीकडे कॅम्पाचं काय झालं? उपनगरं वाढली, मॉल आले, मोबाईलवर खरेदी आली. दर वेळी जाणत्यांनी कॅम्प संपणार असं सांगितलं. कॅम्पाने दर वेळी माल बदलला. कापडाच्या ठाणांच्या जागी तयार कपडे, घड्याळांच्या जागी मोबाईल, भांड्यांशेजारी मॉड्युलर स्वयंपाकघराचं सामान. लग्नाचा बस्ता मात्र अजून माणसांनी मिळूनच बांधला जातो, आणि तोवर कॅम्पाला मरण नाही. चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते. नदीवरच्या झुलेलाल घाटावर सिंधी आपली पूजा करतात आणि अनंत चतुर्दशीला त्याच घाटावर पिंपरीचे गणपती विसर्जनाला येतात.

६ मार्च २०२२ रोजी पुणे मेट्रो सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन टप्प्यांतला एक पिंपरी ते फुगेवाडी, सुमारे सात किलोमीटर. पुण्याच्या बरोबरीने पिंपरीलाही मेट्रो मिळाली, यावर पिंपरीकर काही दिवस खूश होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मार्ग दिवाणी न्यायालयापर्यंत गेला आणि पेठेतला माणूस वीस-पंचवीस मिनिटांत पिंपरीत पोचू लागला. बस्त्याचा उलटा प्रवास त्यामुळे सोपा झाला आहे. मार्ग आता निगडीकडे वाढतो आहे. गर्दी वाढली, तशी कॅम्पात गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रारही. व्यापारी, गिऱ्हाईक, हातगाडीवाला आणि वाहतूक पोलीस, सगळ्यांची तीच तक्रार आहे. कॅम्पात भाव न करता एकमत होणारा बहुधा हा एकच विषय.